ज्याला नंबर, त्याला बाप

तात्या हवालदार आमच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले ते छत्रीवर नंबर घालून घ्यायला. भांड्यांच्या दुकानात माणसं नाव घालायला येतात. पातेल्यावर सासरचं, तांब्यावर माहेरचं, आणि लग्नातल्या घंगाळावर मामा-मामीचं, तेही चांगलं ठळक, म्हणजे बाकीच्या मामांना लांबूनच दिसावं. या गृहस्थांनी मात्र लोखंडी दांड्याची छत्री काउंटरवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, हिच्यावर तीनशे सात घाला."

"आणि नाव काय घालू?"

"नाव नगं. एका नावाची धा माणसं असत्यात. नंबराचा धनी एकच. तीनशे सात माझा बक्कल नंबर हाय."

मी मशीनची सुई पुसता पुसता म्हटलं, "तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न ना हो?" समोरच पोलीस चौकी असली की दुकानदाराला एवढी कलमं न शिकता येतात.

हवालदार गंभीरपणे म्हणाले, "व्हय. पर छत्रीवर अजून गुन्हा दाखल न्हाई." मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडातून आवाज नाही, फक्त खांदे वरखाली. मला वाटलं उचकी लागली, म्हणून मी पाणी पुढे केलं. ते त्यांचं हसणं होतं, हे मला पुढे आठवडाभरानं कळलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. यवत आणि वरवंडच्या दरम्यान, पुणे-सोलापूर हायवेला लागून आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या चौकीतली काही मंडळी अजून भांडी माझ्याकडूनच घेतात. आमचे हे टेम्पो घेऊन यवत, भांडगाव, वरवंड असे बाजार करत फिरायचे आणि गावातलं दुकान मी बघायची. नाव घालायचं मशीनही माझ्याच ताब्यात. शाळेत माझं अक्षर पाहून बाई डोक्याला हात लावायच्या, पण स्टीलवर ते काय देखणं उतरायचं! बारीक सुई थरथरत पुढे जायची, मागे ठिपक्यांची रेघ उमटत जायची, आणि मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

तात्यांचं एक पाहून ठेवण्यासारखं होतं. त्यांच्या एका कानावर शिसपेन्सिल असायची आणि शर्टाच्या खिशात पतंगाच्या पातळ कागदाचे चौकोनी तुकडे. कुणाची नवी सायकल दिसली, मोटार दिसली, उसाच्या रसाचं नवं यंत्र दिसलं, की तात्या आधी वाकून नंबर शोधायचे. सापडला की त्यावर कागद धरायचे, पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची, आणि कागदावर पांढरा नंबर उमटून वर यायचा. त्याला ते ठसा म्हणायचे. मालकाची चौकशी त्यानंतर. एकदा गावात नवी सून आली आणि आहेराची शिलाई मशीन अंगणात उतरवली, तर हवालदार नवऱ्यामुलाशी बोलायच्या आधी मशीनखाली शिरले. सुनेला वाटलं जप्ती आली. तिनं रडायला सुरुवात केली. तिला गप्प करता करता सगळ्या वाड्यावस्तीची पुरेवाट झाली.

ही नुसती हौस नव्हती, त्यांचं कामच ते होतं. चौकीच्या हद्दीत परवान्याच्या जेवढ्या बंदुका, त्यांचं रजिस्टर तात्यांकडे. पिकाच्या राखणीच्या, मेंढरांच्या राखणीच्या, एखाद्या बागायतदाराची मिरवायची. दर बंदुकीच्या नावासमोर त्यांनी स्वतः घेतलेला ठसा खळीनं चिकटवलेला असायचा. हत्यारांचा कायदा त्यांनी आपल्या भाषेत करून घेतला होता आणि तो ते पारावर, दळणाच्या रांगेत, बारशाच्या पंगतीत, कुठंही सांगायचे. "बंदुकीवर करणाऱ्याची खूण पाहिजे आन् नंबर पाहिजे. बिननंबरी ठिवायची न्हाई, इकायची न्हाई. हाय त्यो नंबर घासायचा न्हाई, बदलायचा न्हाई. बदलला तर आत." आणि शेवटी बोट वर करून, "ज्याला नंबर न्हाई, त्याला बाप न्हाई!"

या म्हणीवरून मी त्यांना एकदा चांगलं फैलावर घेतलं होतं. माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. दुकानात गिऱ्हाईक असताना हवालदार ते वाक्य टाळीसाठी फेकून मोकळे झाले आणि मला राहवलं नाही. "हवालदार, मला बाप नाही. मग माझ्यावर पण नंबर घालून घेऊ का?" हवालदारांनी टोपी घातली आणि ते गेले. मला वाटलं, तोडली मी ओळख. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडते तर पायरीवर उभे. म्हणाले, "वहिनी, रातभर इचार केला. माणसाला बाप नसला तरी चालतंय, त्याची आई असती, गाव असतंय. बंदुकीला न्हाई चालत. आता म्हण बदलली. फकस्त बंदुकीपुरती." आणि खरोखरच त्यानंतर मी ती म्हण त्यांच्या तोंडून माणसाबद्दल ऐकली नाही. पोलिसानं एका बाईचं ऐकून आपली म्हण दुरुस्त करावी, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

त्याच सकाळी त्यांनी ती म्हण आली कुठून तेही सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते शिरूरच्या बाजूला होते. एका गावच्या दूधवाल्याला रस्त्यात कुणीतरी गोळी घातली. जवळची विहीर उपसली तर गाळात गावठी कट्टा सापडला. केवढा आनंद झाला सगळ्यांना! कट्टा धुतला, पुसला, उलटापालटा केला. कुठं खूण नाही, आकडा नाही. कुणी केला, कुणी विकला, कुणी घेतला, दोर कुठूनच लागेना. "इहिरीतनं हत्यार निघालं वहिनी, पर त्याचा बाप निघाला न्हाई. त्या दूधवाल्या पोराची आई दर बाजारच्या दिवशी चौकीत यायची. 'हवालदार, लागला का तपास?' चार वर्सं आली. मंग आली न्हाई." एवढं सांगून ते उठले. पुन्हा ही गोष्ट त्यांनी कधी काढली नाही, आणि मीही त्यांच्या पेन्सिलीला पुन्हा हसले नाही. म्हणजे फारसं नाही.

हसू यायचे प्रसंग तेच आणायचे, त्याला मी काय करू? गावच्या जत्रेत नाटक होतं. खलनायक म्हणजे आमचा शिंपी. अंगात नायिकेच्या बापाचा कोट, हातात पत्र्याचं पिस्तूल. त्यानं रंगमंचाच्या मधोमध येऊन गर्जना केली, "खबरदार! हात वर!" आणि बंदोबस्ताला पुढच्याच रांगेत बसलेल्या तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नंबर सांग!" शिंप्याची पाठ केलेली सगळी वाक्यं उडाली. त्यानं घाबरून पिस्तूल खाली घेतलं आणि म्हणाला, "तीनशे सात!" मांडव कोसळायचा बाकी राहिला. नायिका, म्हणजे पंचायतीचा शिपाई, पदर तोंडात कोंबून विंगेत पळाली. दुसऱ्या दिवशी शिंपी ते पिस्तूल घेऊन माझ्याकडे हजर. "पुढच्या प्रयोगाला भानगड नको, एक नंबर घालून द्या." मी घालून दिला. हवालदारांनी त्याचाही ठसा घेतला आणि खांदे हलवत निघून गेले.

आणि ते पीं-पीं वाजणारं यंत्र! कुण्या मोठ्या पुढाऱ्याची सभा होती म्हणून चौकीला पहिल्यांदाच हातात धरायचं यंत्र आलं. लोखंड जवळ आलं की ओरडायचं. बायकांच्या रांगेला ते हवालदारीण बाई धरून होत्या आणि तात्या लांबून सूचना देत होते. यंत्र प्रत्येकीला ओरडायला लागलं. कुणाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कुणाच्या पिशवीत अडकित्ता, कुणाच्या चोळीला ओळीनं पिना. एक म्हातारी तर म्हणाली, "माझ्या पायात रॉड हाय, तो काढून दावू व्हय?" सभा संपल्यावर तात्या ते यंत्र घेऊन दुकानात आले, माझ्या सगळ्या कढयांवरून फिरवलं आणि म्हणाले, "ह्ये लोखंडाला वळखतंय, माणसाला न्हाई. उद्या कुणी लाकडाची न्हाईतर पलाष्टिकची बंदूक केली तर ह्ये गप बसंल." आम्ही सगळे हसलो. प्लॅस्टिकची बंदूक म्हणे! "हसू नका," ते म्हणाले, "माणसाचं डोस्कं लय चालतं. कायद्याला त्याच्या म्होरं पळाया लागतं." आता वर्तमानपत्रात तसल्या बंदुकीबद्दल काही वाचलं की मला तो माझ्या कढयांवरून यंत्र फिरवणारा माणूस आठवतो.

सगळ्या परवानेवाल्यांत तात्यांचा जीव बिरूआबांवर. बिरूआबा धनगर. बापजाद्यांनी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातला, आबांनी गावाबाहेरच्या माळावर वस्ती केली, बाजरी आणि कांदा करायला लागले, पण थोडी मेंढरं राखलीच. माळाला तेव्हा लांडगे यायचे. आबांकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. आबा तिच्यात नुसती दारू भरून हवेत आवाज काढायचे. लांडगे पळायचे आणि वस्तीतली पोरं जागी व्हायची, एवढाच तिचा पराक्रम. दरवर्षी परवाना दाखवायला आले की तात्या नळीच्या मुळाशी कागद धरून पेन्सिल फिरवायचे आणि आबा श्वास रोखून बघायचे. १४१ असा मराठी आकडा हळूहळू वर यायचा. आबा म्हणायचे, "माझ्या म्हाताऱ्याचा हात दिसतोय बघा त्यात." परवाना मिळाला तेव्हा त्यांच्या वडिलांनी साहेबासमोर गावच्या कासाराला बसवून, छिन्नीनं तो नंबर घालून घेतला होता.

तर झालं असं, की परवान्यांची जुनी पुस्तकं फाटून चिंध्या झाल्या म्हणून वरून नवी पुस्तकं यायची ठरलं, इंग्रजीत टाइप केलेली. तात्यांनी सगळ्या बंदुकांचे ताजे ठसे घेतले, नावापुढे चिकटवले आणि वरच्या कचेरीला पाठवून दिले. काय रुबाबात सांगितलं होतं मला! "आकडे लिवायची भानगडच ठिवली न्हाई वहिनी. लिवण्यात चूक व्हती. ठसा खोटं बोलत न्हाई." नवी पुस्तकं आली, जुनी जमा करून वाटली गेली. आणि मग निवडणूक लागली.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करायच्या असतात. शेवटच्या दिवशी सकाळी बिरूआबा खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. चौकीत न जाता माझ्या दुकानात. घोंगडी उलगडली तर बंदूक.

"पोरी, हिच्यावर नंबर घालायचा हाय."

"नंबर तर आहे की आबा."

"त्यो जुना. सून म्हणली, पुस्तकात येगळाच हाय." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नवं पुस्तक काढलं. टाइप केलेला आकडा होता 989. "सरकारनं नवा नंबर दिला आसंल. तवा कासारानं घातला व्हता, आता तू घाल. जुना जरा घासून टाक आन् ह्यो ठळक काढ, मामा-मामीवानी."

सांगायला लाज वाटते, पण मला काही म्हणजे काहीच खटकलं नाही. पंचायतीनं गेल्याच वर्षी आमच्या घराचा नंबर बदलला होता. शिंप्याच्या पिस्तुलावर मीच घातला होता. रोज बारशा-मुंजीत कायदा ऐकूनही ऐनवेळी माझ्या डोक्यात बंदूक म्हणजे लांबट पातेलंच राहिलं. मी कानस घेतली, बाजूला ठेवली, म्हटलं आधी नवा घालू. मशीन सुरू केलं. सुई गुणगुणायला लागली. ती नळीला टेकवणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"वहिनी! हात वर!"

हवालदार चहाचा ग्लास घेऊन उभे. मी खरोखरच दोन्ही हात वर केले. त्यांनी ग्लास खाली ठेवला, आत आले आणि आधी मशीनचं बटण बंद केलं. "ही सुई टेकली आसती, तर तुमी दोघं बी आत गेला आसता. आन् पंचनामा मला करावा लागला आसता."

मग त्यांनी पुस्तक बघितलं. नळी बघितली. परत पुस्तक. कानावरची पेन्सिल काढली आणि तशीच परत कानावर ठेवली.

"जुळत न्हाई, आबा."

आबा बाकावर बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि विचारलं, "मंग तात्या, माझ्या बंदुकीला बाप न्हाई म्हन की."

हवालदारांनी बंदूक आणि पुस्तक उचललं. मी मधे पडले, "अहो, साहेबांना कशाला सांगताय? पेटीत ठेवून द्या. निवडणूक झाली की गुपचूप नीट करून घ्या. आबांना कोण ओळखत नाही?"

"वळखीवर चाललं आसतं तर नंबर कशाला लागला आसता वहिनी?" असं म्हणून ते रस्ता ओलांडून गेले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. खूप राग आला.

चौकीचे साहेब नवे होते, तरुण, सरळ माणूस. त्यांचं म्हणणं सरळच होतं. परवाना एका नंबरच्या बंदुकीचा आणि हातात दुसऱ्या नंबरची, म्हणजे एकतर बंदूक बदलली किंवा नंबर बदलला. दोन्ही गुन्हे. रजिस्टरात १४१ आहे, पण ते तुमच्या हातचं; पुस्तक सरकारचं. चार वाजता अहवाल वर जाईल. तोवर खुलासा असेल तर आणा, नसेल तर फिर्याद तुमच्याच सहीनं द्या. हे तात्यांनी परत येऊन आम्हाला जसंच्या तसं सांगितलं आणि तेही आबांशेजारी बाकावर बसले.

आबा म्हणाले, "पंच्याहत्तर वर्सात चौकीची पायरी फकस्त नंबर दावायला चढलो. आता बेडी घालून चढायची व्हय रं?" मी त्यांना चहा दिला, तो तसाच राहिला. तात्यांनी खिशातून मघाशी चौकीत त्या बंदुकीचा घेतलेला ताजा ठसा काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता बघा तुमच्या ठशाकडे. बोलतोय का काही?

तेवढ्यात अण्णा आला. हायवेला टायर पंक्चरचं दुकान टाकलेला केरळी माणूस. दोनच महिने झाले होते त्याला येऊन. पंक्चर बघायला ट्यूब पाण्यात बुडवायचं त्याचं घमेलं गळायला लागलं होतं, म्हणून नवं घ्यायला आला होता. मराठीचा गंध नाही, हिंदी जेमतेम बोलण्यापुरती, पण ट्रकवाले गाडीच्या नंबरचे असेच पेन्सिलीचे ठसे घेतात, ते त्याच्या नजरेतले होते. घमेलं ठोकून बघता बघता त्यानं काउंटरवरचा कागद उचलला.

"ये किस का चेसिस नंबर है? नाइन एट नाइन? बस, तीन ही?"

हवालदार सावकाश मान वर करून म्हणाले, "क्या बोला? फिर से बोल."

"नाइन, एट, नाइन."

मी कागदाकडे पाहिलं. एकशे एक्केचाळीस. मला दुसरं काही दिसेना. मग मी डोळे बारीक केले, मराठी विसरायचा प्रयत्न केला, आणि अगं बाई! आपला १ म्हणजे त्यांचा 9. आपला ४, वरची टोकं जरा जुळली की त्यांचा 8. कासारानं छिन्नीनं काढलेलं १४१ इंग्रजी डोळ्याला चक्क 989 दिसत होतं. वर कचेरीत कुणीतरी बाकीच्या बंदुकांचे इंग्रजी आकडे टाइप करता करता याही ठशावरून त्याच डोळ्यांनी गेलं होतं.

आणि तात्या हवालदार हसले. खांद्यांनी नव्हे, तोंडानं, पोटातून, रस्त्यापलीकडच्या चौकीत ऐकू जाईल असे. आमच्या भांड्यांना घुमारा आला. त्यांनी अण्णाचं मनगट धरलं आणि निघाले. अण्णाच्या दुसऱ्या हातात घमेलं. "साब, मैं ने क्या किया? पैसा देता हूँ ना मैं!" असं ओरडत तो रस्ता ओलांडत होता. मागून आबा, त्यांच्यामागून मी. दुकान उघडं टाकून गेले, असं मी कधी केलं नव्हतं.

साहेबांनी हवालदारांना लांब उभं केलं आणि कागद स्वतः अण्णापुढे धरला. "क्या लिखा है?"

"नाइन एट नाइन, साब. सच्ची."

साहेबांनी कागद आणखी जवळ धरून परत विचारलं. घमेल्याशी चाळा करत अण्णानं परत तेच सांगितलं. मग साहेबांनी बंदुकीची नळीच उजेडात धरली, आणि अण्णानं तीही वाचली, नाइन एट नाइन. साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मग तेही हसायला लागले. "म्हणजे नंबर एकच आहे. वाचणारे दोन."

"व्हय साहेब," तात्या म्हणाले आणि दाराकडे वळले. "आबा, हाय तुमच्या बंदुकीला बाप. तुमचाच हाय."

आबा तिथंच, चौकीच्या उंबऱ्यात, लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं. अण्णाला काही कळलं नाही, पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवल्यावर तोही हसला.

साहेब अहवाल सांगायला लागले, वरच्या कचेरीच्या वाचनातली चूक वगैरे. तात्यांनी पेन खाली ठेवलं. "न्हाई साहेब. चूक माझी. ठशाशेजारी मी आकडा लिवला न्हाई. मला वाटलं ठसा बोलंल. बोलला, पर इंग्रजीत बोलला. तसं लिवा." साहेबांनी नको नको म्हटलं, निवृत्तीला महिना राहिलाय म्हणाले. तात्या ऐकेनात. शेवटी तसंच लिहिलं गेलं. पुस्तकात दुरुस्ती झाली, बंदुकीला कुणी सुईसुद्धा लावली नाही. दोन आठवड्यांनी वरून तात्यांच्या नावानं लेखी समज आली. एवढ्या नोकरीतली पहिली. मला वाईट वाटलं, तात्या मात्र तो कागद पत्रिकेसारखा मिरवत दुकानात आले. "बघा वहिनी, जावक नंबर हाय ह्याला. बेवारशी न्हाई."

बंदुकीच्या त्या सकाळी मला त्यांचा राग आला होता, हे मी त्यांना त्या दिवशी सांगून टाकलं. नंबर जुळत नाही हे त्यांनी चौकीत जाऊन सांगितलं नसतं आणि मी माझ्या हुशारीनं तो प्रकार झाकला असता, तर आबांच्या पुस्तकातली ती चूक कधीतरी, कुणा दुसऱ्याच साहेबापुढे, तात्या नसताना निघाली असती. तेव्हा कुणी अण्णाला हाताला धरून नेलं नसतं. हे मला कळायला तो महिना लागला. ते म्हणाले, "राग आला तर येऊ द्यावा. तुमचा राग मला सवयीचा हाय."

निवडणूक संपून बंदुका परत द्यायचा दिवस आणि तात्यांच्या निवृत्तीचा दिवस एकच आला. त्यांनी सकाळपासून एकेक बंदूक स्वतःच्या हातानं दिली, प्रत्येक ठशाशेजारी आकडा मराठीत आणि इंग्रजीत लिहिला, आणि शेवटची सही करून किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. गाव त्यांचं शिरूरच्या पुढं. सामान आमच्या टेम्पोत भरलं होतं, आमचे हे गाडी चालवायला बसले होते. हार झाले, फोटो झाले, शिंप्यानं शिवलेला सदरा अंगावर चढला. टेम्पो सुरू झाला तसे बिरूआबा वस्तीवरच्या माणसांसह रस्त्याच्या कडेला पुढं आले. खांद्यावर नुकतीच मिळालेली बंदूक. आबांना उमाळा आवरेना. त्यांनी ती रिकामी बंदूक दोन्ही हातांनी आभाळाकडे उचलली, सलामी देतात तशी.

खिडकीतून तात्यांचं डोकं बाहेर आलं. "आबा! खाली! रस्त्यावर हवेत बार काढायचा न्हाई! कलम लागतंय!"

आबांनी बंदूक खाली घेतली. क्षणभर सगळे ओशाळून उभे राहिले. मग पंच्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंडानंच बार काढला, "ठोऽऽ!" त्यांच्यामागून वस्तीची माणसं, "ठोऽऽ!" पंक्चरच्या दुकानातून अण्णा, त्याच्यामागून शिंपी, चौकीच्या पायरीवरून खुद्द साहेब, आणि मी, हातात पातेलं घेऊन, सगळे हायवेच्या कडेला उभे राहून ओरडत होतो, आणि टेम्पोच्या खिडकीत तात्यांचे खांदे हलत होते.

ते दिसत राहिले तोवर मी ओरडत राहिले.